आधी सुई, मग चौकशी

केळीची गाडी भरत होतो तेव्हा माझ्या लेकीचा, मयुरीचा फोन आला. डॉक्टर शकील गेला. सकाळी दवाखान्यात निघायच्या तयारीत होता, खुर्चीत बसून बूट घालत होता, आणि तिथेच… खरं सांगतो, मला आधी रागच आला. हा माणूस जन्मभर सगळीकडे धावत गेला, इथे तरी जरा दमानं घ्यायचं! दीड महिना होत आला, पण राग काही जात नाही.

आमची दोस्ती धुळ्याच्या कॉलेजातली. तो सोनगीरचा, वडिलांचं भांड्यांना कल्हई करायचं दुकान. मी इकडचा, वरणगावजवळच्या केळीवाल्यांचा. तो खूश झाला की अहिराणीत सुटायचा, मी माझ्या लेवा बोलीत, आणि हॉस्टेलची पोरं आम्हाला हसायची. पुढे तो मुलांचा डॉक्टर होऊन जळगावला आला. चहा उभ्यानं पिणारा आणि नव्या औषधाची बातमी लॉटरी लागल्यासारखी सांगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

मयुरी तेव्हा सहा वर्षांची होती. थंडीचे दिवस, आमच्या मळ्यात भरीत-पुरीचा बेत, सगळी भावकी जमलेली. दुसऱ्या दिवशी पोरीला सणकून ताप, उलट्या, उजेड सहन होईना. मान वळेना, म्हणून काकूनं कोमट तेल चोळलं. झोपेत अवघडली असेल, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी शकीलला सहज म्हणून फोन केला.

"हनुवटी छातीला लागते का तिची?"

"नाही रे, रडते."

"अंगावर डाग?"

पायावर जांभळे ठिपके होते. त्यानं त्यावर काचेचा पेला दाबून बघायला सांगितलं; साधं पुरळ दाबलं की फिकं पडतं. पेल्याखालीही ठिपके तसेच दिसत होते. फोनमध्ये तो ओरडलाच, "निघ! जसा शे तसा निघ!"

आम्ही पोचलो तर हा दवाखान्याच्या दारात हातात भरलेलं इंजेक्शन घेऊन उभा. नाव नाही, तपासणी नाही, आधी सुई, मग चौकशी. मेंदूच्या आवरणाला जंतूंनी सूज आणली असेल तर रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं, तासातासाला पोर हातची जाते, हे त्यानं मला सुई टोचता टोचताच सांगितलं. आपली पोर आता जाणार, एवढंच मला कळत होतं.

मग पाठीच्या मणक्यातलं पाणी काढायची वेळ आली आणि माझे वडील, नाना, दार अडवून उभे राहिले. "पाठीतलं पानी काढलं तं पोरगी पुन्हा उभी नाई राहीन!" आमच्याकडे ही भीती घराघरात आहे. शकीलनं नानांचाच हात धरून त्यांच्याच कमरेवर ठेवला. "नाना, मज्जारज्जू वरच संपतो, सुई त्याच्या खाली जाते. सिझरच्या वेळी तुमच्या सुनेला इथंच सुई दिली होती ना? चालते की नाही ती?" नानांनी सुनेकडे पाहिलं आणि बाजूला झाले. ते पाणी स्वच्छ असायला हवं होतं, निघालं तांदळाच्या धुवणासारखं गढूळ. जंतू कोणता ते त्यातूनच कळलं, आणि इंजेक्शनं किती दिवस द्यायची तेही ठरलं.

आता पुढची गंमत ऐका. हा जंतू अगदी जवळच्यांना खोकल्या-थुंकीतून लागू शकतो, म्हणून एका खोलीत झोपणाऱ्या आम्हा घरच्यांना शकीलनं गोळ्या दिल्या. भरीत खाऊन गेलेल्यांना गरज नाही म्हणाला. झालं! चुलते दगडूआबा रुसले. थेट दवाखान्यात येऊन उभे. "लग्नात पयला मान आमचा, अन् गोयी द्यायच्या टायमाले आम्ही परके?" त्यांच्या मागे आणखी चार मानकरी. इकडे गोळी घेतलेल्या नानांना लघवी केशरी झाली आणि ते घाबरून आडवेच पडले. त्या गोळीनं तसं होतंच, हे सांगायचं घाईत राहिलं होतं! शकीलनं भर व्हरांड्यात जाहीर केलं, "आबा, ज्याला केशरी लघवीचा मान पाहिजे त्यानं पुढं यावं." मानकरी पांगले. मी त्या दिवसांत पहिल्यांदा हसलो, आणि हसता हसता रडलो.

चौथ्या दिवशी मयुरीनं डोळे उघडले, आईला हाक मारली, आणि हा पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ व्हरांड्यात अक्षरशः नाचला. "पोर बोलनी रे भाऊ, पोर बोलनी!"

घरी सोडण्याआधी त्यानं कान तपासायला लावले. डावा कान गेला होता. हा आजार बरा होताना असं काही घेऊन जातो म्हणाला. तेव्हापासून त्याला लसींचं वेड लागलं. या दुखण्याच्या दोन जंतूंवरच्या लसी पुढे सरकारी लसीकरणात फुकट मिळू लागल्या तेव्हा त्यानं पेढे वाटले. मयुरीला झालेल्या जंतूची लस मात्र वेगळी मागून घ्यावी लागते. हजला जाणाऱ्यांना ती सक्तीची, म्हणून त्यांच्या शिबिरात तो हौसेनं सुया टोचायचा आणि वर म्हणायचा, "घरी नातवंडांचंही विचारा!"

मागच्या आठवड्यात मयुरीच्या मुलीला तीच लस द्यायला आम्ही त्याच्या दवाखान्यात गेलो. तारीख त्यानंच ठरवून ठेवली होती. खोली तीच, हात त्याच्या लेकीचा, तीही डॉक्टर. सुई टोचली आणि बाळानं असं भोकाड पसरलं की बाहेरची माणसं डोकावली. मी घाईनं खुळखुळा शोधू लागलो. मयुरीनं मात्र बाळाला डाव्या खांद्यावरून उचलून उजव्या खांद्यावर घेतलं, ऐकू येणाऱ्या कानाशी.

"राहू द्या पप्पा," ती म्हणाली, "रडू द्या तिला. मला ऐकायचंय."