डू, डज आणि मेश्राम वहिनी

असे किस्से ठरवून गोळा करता येत नाहीत. ते हजेरीपटाच्या मागच्या बाजूला आपोआप साठतात. माझा हजेरीपट पुढून अर्धा रिकामा आणि मागून गच्च भरलाय.

शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून रिटायर झाले आणि दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या कम्युनिटी रूममध्ये मराठी मंडळींसाठी दर रविवारी सकाळी वर्ग काढला. म्हटलं, आधी सहायक क्रियापदं घेऊ. डू-डज, हॅज-हॅव, शुड-वुड. माणूस अडखळतो तो इथेच.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारलं, कशाला शिकताय? शेवटच्या खुर्चीवरच्या मेश्राम वहिनी, माहेर-सासर दोन्ही नागपूरकडचं, हळूच म्हणाल्या, "मला एकदा चार लोकांत इंग्रजीत बोलायचंय. पूर्ण. मध्येच हिंदीत न पळता." मुलीच्या शाळेत त्यांचं डू-डज चुकलं होतं आणि कुणीतरी हसलं होतं. तेव्हापासून वहीत सगळं बरोबर, तोंडातून एक शब्द नाही! मला ते फार लागलं.

* * *

गजभिये साहेबांचा उभा जन्म केंद्र सरकारच्या फायलींत गेला. मी 'मे' वापरून पाच वाक्यं आणायला सांगितली, तर साहेब चक्क फाइल घेऊन हजर, वर नोटशीट लावलेली. "मॅडम, हा ड्राफ्ट. ॲप्रूव्ह करा, मग फेअर कॉपी करतो." गंमत म्हणून मी न वाचता सही ठोकली.

पुढच्या रविवारी फेअर कॉपीत तीन चुका काढल्या. साहेबांनी शांतपणे माझीच सही पुढे केली. "ॲप्रूव्ह झालेल्या ड्राफ्टमध्ये चूक नसते, मॅडम."

* * *

याच साहेबांनी घरी फ्रिजवर चिठ्ठी लावली: 'टी मे काइंडली बी प्रोव्हायडेड.' संध्याकाळपर्यंत चहा काही आला नाही. चिठ्ठीखाली बायकोच्या अक्षरात दोन शब्द आले: 'अंडर कन्सिडरेशन.' त्या माझ्या वर्गाला कधीच आल्या नाहीत. गरजही नव्हती.

* * *

श्रीकांत मानेसरच्या कारखान्यात सुपरवायझर. कंपनीच्या बसमध्ये रोज तासभर घोकायचा, "आय हॅव बीन वेटिंग, शी हॅज बीन वेटिंग." आठवडाभर हे ऐकून ड्रायव्हर कळवळला. उतरताना त्याला थांबवून म्हणाला, "भाईसाब, दोनों इतने दिन से वेटिंग कर रहे हो, तो घरवालों से मैं बात करूँ?"

* * *

एकदा सगळ्यांना सरोजिनी नगरच्या मार्केटात नेलं. अट एकच, घासाघीस फक्त इंग्रजीत. आम्ही वाक्यं जुळवतोय तोवर कुर्तेवाला म्हणाला, "मॅडम, आय वुड हॅव गिव्हन इट, बट यू शुड हॅव कम यस्टरडे."

एकही चूक नाही! मी इतकी हरखले की अख्ख्या वर्गासमोर त्याच्याकडून ते वाक्य दोनदा म्हणवून घेतलं. मग कुर्ता त्याने सांगितलेल्या किमतीलाच घ्यावा लागला. मेश्राम वहिनी तिथेही गप्पच होत्या, पण कुर्तेवाल्याकडे बघत ओठ हलवत होत्या.

* * *

मग सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली. कम्युनिटी रूममध्ये जिम होणार, वर्ग बंद. माझा जीव तुटला, वहिनींची तर अजून सुरुवातही झाली नव्हती.

जनरल बॉडीच्या मीटिंगला आम्ही सगळे गेलो. गजभिये साहेबांनी अर्ज दिला, त्यात सात ठिकाणी 'मे काइंडली'. सेक्रेटरींनी न वाचताच तो घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "अच्छा, नेक्स्ट पॉइंट."

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. मेश्राम वहिनी उभ्या होत्या. पदर मुठीत घट्ट धरलेला. आणि त्या बोलायला लागल्या, इंग्रजीत! डूच्या जागी डज, हॅवच्या जागी हॅज, वुड तर कुठेही. रूम का हवी, कोण येतं, वर्ग बंद झाला तर त्यांनी कुठे जायचं. कपाळावर घाम, पण गाडी थांबेना. दोघं-तिघं हसले. मी डोळे मिटून घेतले.

सेक्रेटरी उठले, समजुतीने म्हणाले, "मॅडम, हिंदी में बोल लीजिए ना, यहाँ सब अपने ही हैं."

वहिनींनी त्यांना हाताने खाली बसायची खूण केली.

"नो. यू सिट. आय ॲम प्रॅक्टिसिंग."

रूमची किल्ली हल्ली वहिनींच्या पर्समध्ये असते.