पहिल्या कपाटाचा काटा

मी पुण्याहून बंगळूरला आलो तो टापटिपीचा अभिमान बरोबर घेऊनच. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. बोम्मसंद्र्यातल्या एका शेडमध्ये आम्ही पोलादी दांडे तापवायची यंत्रं बनवायचो. तांब्याच्या वेटोळ्यात दांडा धरायचा, बटण दाबायचं, दांडा लालभडक. वेटोळ्याला वीज द्यायला तीन इन्व्हर्टर, तीन लोखंडी कपाटांत. तिघांनी ओझं सारखं उचलायचं, एवढीच अट. एकानं जास्त उचललं तर तो आतल्या आत भाजत जातो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीचा आवाज माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही.

वायरिंग अण्णांचं. ते बंगळूरच्या जुन्या मराठी घराण्यातले, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की पहिले दोन महिने मी नुसती मान डोलवायचो. पहिलं कपाट वेटोळ्याच्या अगदी जवळ, तिसरं लांब. तरी त्यांनी तिन्ही केबली एकाच मापाच्या कापल्या होत्या, त्यामुळे पहिलीचा जास्तीचा भाग जमिनीवर नागमोडी पसरलेला. मी नाक मुरडलं तर म्हणाले, "स्वल्प वाकडं दिसू दे, सर. लांबी सारखी तर वाटा सारखा." मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. परीक्षेत मी त्यावर मार्क मिळवले होते.

गिऱ्हाइकाचे साहेब तपासणीला यायचे त्या दिवशी, अण्णा जेवायला गेलेले पाहून, मी ती नागमोड कापून टाकली. केबल कशी सरळसोट, देखणी दिसायला लागली. अण्णांना कळू नये म्हणून वर रबरी चटई अंथरली.

यंत्र तासभर न थांबता चालवून दाखवायचं होतं. यंत्र थंड ठेवणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह पहिल्या कपाटाच्या हवेच्या जाळीपाशी, म्हणून अण्णा तिथेच स्टुलावर बसले. थोड्या वेळानं पहिल्या दारावरच्या मीटरचा काटा पुढे सरकला. बाकीचे दोन मागे पडले. मग तो लाल रेघेवर गेला आणि तिथेच राहिला. अशा वेळी कपाट आपोआप बंद पडायची सोय असते; ती 'पुढच्या यंत्रात बघू' म्हणून मीच वगळली होती.

मग मी जे केलं ते इंजिनिअरिंगच्या कुठल्याच शाखेत शिकवत नाहीत. मी मीटरकडे पाठ करून, तो झाकून उभा राहिलो आणि साहेबांना बंगळूरच्या थंड हवेचं कौतुक सांगू लागलो. शर्टातून दार गरम लागत होतं. तापलेल्या व्हार्निशचा गोडसर वास येत होता. आत काही फुटलं असतं तर जाळीतून बाहेर आलं असतं, आणि जाळीपाशी अण्णांचा चेहरा होता.

मी अण्णांना चहा सांगून यायला सांगितलं. म्हणाले, आत्ताच झाला. स्टोअरमधून फ्यूज आणायला सांगितला. त्यांनी खिशातून काढून दिला. गेटवर कुणीतरी बोलावतंय म्हटलं, तर म्हणाले, थांबेल तो, पाणी कोण बघणार? यंत्र बंद करायचं लाल बटण माझ्या हातापासून वीतभर लांब होतं. ते दाबलं की तपासणी नापास, आणि चटई उचलणं आलं.

आतून वाफ सुटावी तशी बारीक शिट्टी ऐकू आली. अण्णांनी मान वळवून कान जाळीला लावला.

मी बटण दाबलं.

साहेबांनी विचारलं, काय झालं.

"लाईट गेली," मी म्हणालो. डोक्यावर ट्यूबलाईट लख्ख पेटलेली, पंखा फिरतोय. साहेबांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सभ्यपणे वहीत काहीतरी लिहिलं.

बऱ्याच वेळानं अण्णांनी दार उघडलं. आतल्या कपॅसिटरच्या डब्यांचे माथे फुगलेले, एक तडकून पाझरत होता. त्यांनी केबलीचा माग काढत चटई उचलली. मग माझ्याकडे वळले.

"चहा, फ्यूज, गेट," ते हळूच म्हणाले. "एवढं सगळं सुचलं, सर. बंद करायचं तेवढं नाही सुचलं?"

साहेबांना त्यांनी सांगितलं की केबल चुकून आखूड कापली गेली. कुणी कापली, ते साहेबांनी विचारलं नाही.

काही दिवसांनी फेरतपासणी झाली. नवी केबल जमिनीवर पुन्हा नागमोडी. मी व्हॉल्व्हकडे बोट दाखवलं, तर अण्णांनी नाही म्हणून मान हलवली.

"आज तुम्ही बसा तिथे. मी बटण बघतो."

मी बसलो. कान जाळीपाशी. समोर अण्णा तासभर लाल बटणाशेजारी उभे होते, दोन्ही हात मागे बांधून.