मॅडम गणपतीला आल्या तेव्हा

दुबईत एका ब्रिटिश राजनैतिक अधिकारी बाईंची मी पाच वर्षं सेक्रेटरी होते. राजनैतिक अधिकारी म्हणजे पार्ट्यांना जायचं, हसायचं आणि देशाची शान राखायची, असं अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगचं ठाम मत. प्रत्यक्षात मॅडमचा निम्मा आठवडा तुरुंगात आणि इस्पितळांत जायचा. आज दारू पिऊन पोलिसांशी हुज्जत घालणारा ब्रिटिश पर्यटक, उद्या शवागारात एकटंच पडलेलं कुणीतरी. आधीच्या एका देशात तर खिडक्यांना वाळूची पोती लावून त्यांनी संसार केला होता. शान राखायला वेळ कुठून मिळणार!

बदल्यांमध्ये सोबत राहता यावं म्हणून त्यांच्या नवऱ्याने शाळेतली संगीतशिक्षकाची नोकरी सोडली होती. हे कळल्यावर बिल्डिंगमधल्या बायका हळहळल्या. "बिचारा! घरीच असतो?" हळहळणाऱ्यांत एक इंजिनिअर होती, एक सीए आणि एक दातांची डॉक्टर. तिघीही नवऱ्यांमागून दुबईला आल्या होत्या आणि घरीच होत्या. त्यांना कुणी बिचाऱ्या म्हटलं नाही. त्यांनी तर नशीब काढलं होतं!

एका वर्षी मी आपलं रीत म्हणून मॅडमना गणपतीला बोलावलं. त्या चक्क हो म्हणाल्या. एरवी आमच्याकडे आरतीला आठ-दहा माणसं असत; त्या संध्याकाळी चपला लिफ्टपर्यंत पोचल्या. भक्तांच्या हातात दूर्वा कमी, फायलीच जास्त. कुणाच्या भाच्याला लंडनला जायचं होतं, कुणाच्या सुनेचा अर्ज नाकारला होता.

"मॅडम व्हिसाचं काम बघत नाहीत हो," मी दारातच सांगत होते.

"असू दे, वहिनी. नुसता शब्द टाकायचा."

"मॉम, धिस इज सो एम्बॅरसिंग," म्हणून माझा मुलगा खोलीत जाऊन बसला.

मॅडम मात्र स्वयंपाकघरात, वरच्या मजल्यावरच्या शेजारणीबरोबर मोदकाच्या कळ्या पाडत होत्या. भेटेल त्याला विचारायचा त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता: घरी शेवटचं कधी गेला होतात? तोच त्यांनी हिला विचारला. मी भाषांतर केलं.

"तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "आई आजारी आहे. पण माझा पासपोर्ट ह्यांच्या कपाटात, आणि किल्ली ह्यांच्याकडे."

हे इंग्रजीत सांगताना मी हसत पुस्ती जोडली, "नवऱ्याला फार काळजी आहे तिची."

मॅडम हसल्या नाहीत. "हे शेवटचं वाक्य तिचं होतं, की तुमचं?"

मी नारळ खवायला घेतला. तीन वर्षं ही बाई माझ्या डोक्यावर राहत होती. तिच्या हातच्या पुरणपोळीचं प्रमाण मला तोंडपाठ होतं.

बाहेर तिचा नवरा फाइल घेऊन सगळ्यांत पुढे उभा होता. दोघांसाठी यूकेचा टुरिस्ट व्हिसा हवा होता. मॅडमनी फाइल हातात न घेता शांतपणे विचारलं, "तुमच्या पत्नीचा पासपोर्ट कुठे आहे?"

"सेफ आहे, मॅडम. माझ्याकडे."

"त्यांचा पासपोर्ट त्यांच्याचजवळ असायला हवा. मी सगळ्यांना हेच सांगते."

एवढंच. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं आणि व्हिसाचं नावही नव्हतं. पण हा माणूस जिन्याने धावत वर गेला आणि पासपोर्ट आणून भर हॉलमध्ये बायकोच्या हातात ठेवला. शिवाय मॅडमनी पाहिलं ना, याची खात्री करून घेतली. आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना वाटलं, आता व्हिसा झालाच.

सोमवारी ऑफिसमध्ये मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही मुद्दाम केलंत."

"मी फक्त सल्ला दिला," त्या ईमेलवरून नजर न काढता म्हणाल्या. "तिला तिकीट काढायला मदत लागेल. मला मराठी येत नाही. तुम्हाला येतं."

म्हणजे काम माझ्याच गळ्यात! शुक्रवारी मी तिला विमानतळावर सोडलं.  गाडीत ती पर्सवर दोन्ही हात घट्ट ठेवून बसली होती. महिन्याभराने तिचा सांगलीहून फोन आला. आई सावरत होती. शाळेत नोकरी मिळाली होती. परत येणार नव्हती.

तिचा नवरा लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायचा, "आईची सेवा करतेय. मीच पाठवलं."

आणि बिल्डिंग म्हणायची, "नवरा असावा तर असा!"