टपावरचा लांब अँटेना

आमची गाडी आम्ही नाशिकच्या एका गृहस्थांकडून घेतली. पांढरी, लहान, थोडी वापरलेली, आणि टपावर मागच्या बाजूला शार्क माशाच्या पंखासारखा काळा चकचकीत अँटेना. माझे यजमान त्या पंखावरच भाळले. इंजिन मी पाहिलं, टायर मी पाहिले, क्लच मी दाबून पाहिला. ते मात्र फेरी मारून पुन्हा पुन्हा गाडीच्या मागे जाऊन उभे राहत होते.

"असा अँटेना मोठ्या गाड्यांनाच असतो," ते म्हणाले.

जव्हारमध्ये त्यांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे, आणि दुकान सोडून ते फारसे कुठे जात नाहीत. गाडी घेतली होती ती माझ्यासाठी. मी खोडाळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. आधी बरीच वर्षं एसटी आणि जीप यांच्या भरवशावर ये-जा केली. मोखाड्याला उतरायचं आणि पुढच्या गाडीसाठी ताटकळायचं. स्वतःची गाडी आल्यावर मला एकच चैन हवी होती, रस्ताभर रेडिओ. मोबाइलवर गाणी वाजतात, पण आमच्या रस्त्याला रेंज दर दोन वळणांनी जाते, आणि साठवून ठेवलेली गाणी मला लवकर पाठ होतात. रेडिओवर कोणीतरी आत्ता बोलत असतं. पुढे काय लागेल ते आपल्याला माहीत नसतं. एकटीने गाडी चालवताना मला ते आवडतं.

पण जव्हारची शेवटची घरं मागे पडली, की रेडिओची खरखर सुरू व्हायची. मोखाड्यात जरा आवाज, पुन्हा खरखर. मी आठवडाभर सहन केलं. मग रविवारी सकाळी रेडिओ चालू ठेवला, खाली उतरले आणि तो पंख मुठीत धरला. चालू अँटेनाला हात लावला की आवाजात काहीतरी फरक पडतो, कमी होतो किंवा वाढतो. इथे काहीच झालं नाही. मी जरा जोर लावला आणि पंख माझ्या हातात आला.

आत काही नव्हतं. तार नव्हती. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी होती, बस. खाली टपाला मूळच्या अँटेनाचं भोक होतं, त्यात काळा मसाला भरलेला. आतून छताचं कापड थोडं सोडवलं तर मूळची वायर गुंडाळून ठेवलेली सापडली.

यजमान चहाचा कप घेऊन बाहेर आले. माझ्या हातातला पंख बघून त्यांचा चेहरा उतरला.

"तोडलास?"

"तुटायला जोडलेला कुठे होता? नुसता चिकटवलाय. शोभेचा आहे."

त्यांनी पंख उलटा करून पाहिला, नखाने पट्टी उचकटली. "शोभा तरी होती," ते म्हणाले. "आणि रेडिओ आता ऐकतं कोण?"

"मी ऐकते."

ते पंख घेऊन आत गेले.

त्यानंतर मी जिथे गाड्या उभ्या दिसतील तिथे त्यांचे टप पाहू लागले. खरा पंख असलेल्या गाड्याही असतात. त्याच्या आत गुंडाळलेली तार आणि आवाज वाढवणारं छोटं सर्किट असतं, शहरात ते छान चालतं. काही गाड्यांच्या मागच्या काचेत बारीक रेघा असतात, तोच त्यांचा अँटेना. दिसत नाही, मोडत नाही, पण डोंगराच्या आड गेलं की गप्प. बोटभर लांबीचा रबरी अँटेना गोजिरा दिसतो. आणि जुन्या जीपना पुढच्या मडगार्डवर लांब दांडी असते, वाऱ्यावर डुलणारी, जिला आता कोणी फॅशन म्हणणार नाही. एफएमची लहर साधारण एका खोलीच्या रुंदीएवढी लांब. तिच्या चौथाई लांबीची, म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंतच्या हाताएवढी सरळ दांडी तिला सगळ्यात चांगली पकडते. हे मी दर वर्षी फळ्यावर शिकवते. स्वतःच्या गाडीवर का करू नये?

तरी घरात शांतता राहावी म्हणून आधी रबरी अँटेना लावून पाहिला. खरखर कमी झाली, गेली नाही. दुसऱ्या आठवड्यात मी डेपोजवळ राहणाऱ्या एका ओळखीच्या जीपवाल्यांकडे गेले. त्यांची जुनी जीप अंगणात कायमची उभी होती. त्यांनी तिची स्टीलची दांडी बुडासकट काढून दिली आणि वर विचारलं, "मॅडम, ही पांढऱ्या गाडीला बरी दिसेल का?"

"बरी ऐकू येईल," मी म्हटलं.

बसवली मीच. भोकाभोवतीचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला, कारण अँटेनाचं बूड पत्र्याला नीट भिडलं नाही तर कितीही लांब दांडी लावा, उपयोग नाही. यजमानांनी दुकानातून रबराचा वॉशर आणून दिला आणि सगळा वेळ शेजारी उभे राहिले, मदतीला कमी आणि दुखवट्याला जास्त. काम झाल्यावर रेडिओ लावला. बातम्या देणाऱ्या बाईंचा श्वास घेतलेलाही ऐकू आला.

गाडी मात्र दिसायला बदलली हे खरं. शाळेत सहकारी विचारू लागले, की पोलीस खात्यात गेलात काय. यजमानांनी मधला मार्ग शोधला. दांडी आट्यांची होती, फिरवली की निघायची. कुठे समारंभाला जायचं असलं, की ते निघताना दांडी काढून डिकीत ठेवायचे. माझी हरकत नव्हती. लग्नाच्या मांडवाबाहेर मला रेडिओ ऐकायचा नव्हता.

पावसाळा संपल्यावर शाळेत एका रेडिओ केंद्राची माणसं आली. डोंगरातल्या गावांतल्या मुलांचा कार्यक्रम त्यांना करायचा होता. त्यांनी आमच्या नववीच्या मुलींची गाणी घेतली, आणि नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बी घरी कसं जपतात यावर कोणी बोलेल का, असं विचारलं. वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी उभी राहिली. मी तिला दोन वर्षं शिकवत होते. हजेरी सोडली तर तिचा आवाज मी ऐकला नव्हता. घरी ती वारली बोलते, शाळेतली मराठी तिला परकी वाटते, हे मला माहीत होतं. माईकसमोर ती थांबत थांबत, पण न चुकता बोलली. बी राखेत कसं मिसळायचं, कणगीत कुठे ठेवायचं, कुठलं खायचं आणि कुठल्याला हात लावायचा नाही.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी कार्यक्रम लागणार होता. मुलींनी विचारलं, "बाई, आम्हाला कुठं ऐकू येईल?" त्यांच्या पाड्यांवर ना रेंज ना रेडिओ. शाळेमागच्या माळावर आवाज स्वच्छ येतो हे मी आधीच पाहून ठेवलं होतं. मी सांगितलं, "माळावर या. आईवडिलांना घेऊन या. गाडीत ऐकू."

त्या सोमवारी सकाळी मोखाड्यापासून एक सहकारी बाई सोबत होत्या. बोलण्याच्या नादात रेडिओ लावलाच नाही. दुपारी सुट्टीत गाडीकडे गेले आणि पाहिलं तर टपावर दांडी नव्हती. डिकी उघडली. तिथेही नव्हती.

आदल्या दिवशी यजमानांचे पाहुणे आले होते, आणि ते त्यांना जव्हारजवळच्या शिरपामाळला फिरायला घेऊन गेले होते. मी दुकानात फोन लावला.

"अहो, अँटेना कुठे आहे?"

"फोटो काढायचे होते ना, म्हणून काढला. मग पाहुण्यांच्या बॅगा ठेवायला डिकी रिकामी केली. इथे दुकानात आहे, काउंटरमागे." मग त्यांच्या लक्षात आलं. "आज तुझा कार्यक्रम आहे."

"मुलींचा आहे."

"मी येतो घेऊन."

"गिऱ्हाईकं असतील."

"असू देत," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

ते वेळेत पोचतील यावर मी विसंबून राहिले नाही. प्रयोगशाळेतून जाड तांब्याची तार घेतली, हाताएवढी तोडली, सरळ केली, आणि बुडाच्या आट्यांत बसेल असा स्क्रू शोधून तिचं टोक त्याला पक्कं गुंडाळलं. शाळा सुटल्यावर गाडी माळावर नेली. तार वाऱ्याने वाकत होती आणि वाकली की आवाज बुडत होता. पण आवाज होता. शेतीवरचं कुठलंसं भाषण चालू होतं, अर्धं कळत होतं.

माणसं येऊ लागली. बायका मुलींबरोबर घोळक्याने आल्या आणि गाडीपासून जरा लांबच गवतावर बसल्या. त्या गप्प मुलीची आई आली. तिचे वडीलही आले, याचं मला नवल वाटलं. ते भिवंडीला बांधकामावर असतात आणि सणालाच घरी येतात. शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून की काय, ते उभेच राहिले.

"मॅडम, इसमें आयेगा क्या?" त्यांनी विचारलं. साइटवर सगळ्यांशी हिंदीत बोलायची त्यांना सवय झाली होती.

"येईल," मी म्हटलं. "पाच-दहा मिनिटं थांबा."

तेवढ्यात खालच्या वळणावर मोटारसायकल दिसली. माझे यजमान, दुकानातल्याच कपड्यांत, आणि पाठीला दोरीने तिरपी बांधलेली ती दांडी. माळावरची सगळी माणसं त्यांच्याकडे बघत राहिली. ते उतरले, दोरी सोडली आणि माझ्याजवळ आले.

"तार चालतेय की," ते हळूच म्हणाले. "बदलायचं का? मध्येच बंद पडलं तर?"

"नाही पडणार. बदला."

त्यांनी स्क्रू काढला. रेडिओ एकदम फसफसला आणि गवतावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. यजमानांची बोटं घाईने फिरत होती. पहिल्यांदा आटे तिरपे बसले, मी दांडी सरळ धरली, त्यांनी पुन्हा फिरवली. आणि भाषण करणारे गृहस्थ गाडीतच येऊन बसल्यासारखे स्पष्ट बोलू लागले. मी चारही दारं उघडली आणि आवाज वाढवला.

आधी गाणी झाली. मुली आपापला आवाज ओळखून एकमेकींना कोपरं मारत होत्या. बायका हळूहळू सरकत दारांपर्यंत आल्या. मग निवेदिकेने सांगितलं, की आता एक विद्यार्थिनी बियाण्याबद्दल बोलेल, आणि गाव सांगितलं. गावाचं नाव रेडिओतून आल्याबरोबर मागे राहिलेली माणसंही गाडीजवळ सरकली.

ती बोलू लागली. प्रत्यक्षात ती थांबत होती ते मला आठवत होतं. रेडिओवर ते थांबणं विचार करून बोलणाऱ्या माणसासारखं वाटलं. ती स्वतः आईच्या मागे पदराआड उभी होती. वडील वाकून दाराच्या स्पीकरला कान लावून ऐकत होते. राखेचं बोलणं आलं तेव्हा त्यांनी मान हलवली. संपल्यावर ते सरळ झाले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ही आमची आहा."

इतका वेळ हिंदीत बोलणारा माणूस घरच्या बोलीत आला होता.

"तुमचीच," मी म्हटलं.

"शाळेत बोलते का अशी?"

"आतापर्यंत नव्हती बोलत."

त्यांनी मुलीला पुढे बोलावलं. तिला काही शाबासकी वगैरे दिली नाही. फक्त विचारलं, राखेत बी कधी मिसळतात ते तुला कोणी सांगितलं. ती म्हणाली, आईने. मग ते बायकोकडे वळले आणि तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. ती माउली लाजून दुसरीकडे बघू लागली.

कार्यक्रम संपला, पण कोणी उठेना. जुनी हिंदी गाणी लागली होती. माझ्या यजमानांनी टपावर हात टेकवून दोघा-तिघांना अँटेनाचं शास्त्र समजावायला घेतलं होतं. रंग का घासला, वॉशर कशाला लागतो, पंख कसा फसवा होता. सगळं माझं बोलणं त्यांच्या तोंडून, आणि बरंचसं बरोबर. मी त्यांना थांबवलं नाही.

निघायला गाडीत बसले, किल्ली फिरवली, तर टक् असा आवाज आला आणि दिवे मिणमिणले. बॅटरी जुनीच होती, त्यात रेडिओ आणि चार उघड्या दारांचा दिवा. यजमान कपाळाला हात लावणार तेवढ्यात त्या मुलीच्या वडिलांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या. सगळी माणसं मागून गाडी ढकलू लागली, बायकासुद्धा. उताराला गाडी धावू लागली, मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि इंजिन धडधडलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही नवी बॅटरी घातली. ती मुलगी आता वर्गात प्रश्न विचारते, बहुतेक अवघड. परवा तिने विचारलं, की लहर डोंगराच्या पलीकडे जाते तेव्हा ती डोंगरातून जाते की डोंगरावरून. मी तिला फळ्याजवळ बोलावलं आणि खडू तिच्या हातात दिला.