शिंगाळ्याची अंडी

मुलगी पहिल्या बाळंतपणाला डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत आली, तेव्हा तिला अन्नच जात नव्हतं. डॉक्टर रक्त कमी आहे म्हणत होते आणि इकडे ताट तसंच परत येत होतं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, गाभोळी मिळेल?" माशाच्या अंड्यांसाठी आम्ही मालवणी माणसं एरवीही अक्कल गहाण ठेवतो. इथे तर पोरीचे डोहाळे होते.

दादरच्या बाजारातून मी अख्खा शिंगाळा आणला. बायको देवळात गेलेली, म्हणून साफ करायला मीच बसलो. पोटात काहीच निघालं नाही. वैतागून डोकं कापायला घेतलं, तर तोंडातून द्राक्षांएवढी पिवळी अंडी घरंगळली. काहींत पिल्लांचे काळे डोळे दिसत होते.

मला ते नवीन नव्हतं, हीच तर अडचण. गावाला असा मासा जाळ्यात आला की वडील म्हणायचे, "बापूस आसा तो, सोड तेका." शिंगाळ्याचा नर पिल्लं बाहेर पडेपर्यंत अंडी तोंडात सांभाळतो आणि तोवर उपाशी राहतो.

हा मेलेलाच होता, त्याबद्दल मी स्वतःला फार बोलत नाही. डोळेवाली अंडी बाजूला काढली, बाकीची तव्यावर परतली. मुलगी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी मात्र मी कोळणीला सांगितलं, "मावशी, तोंडात अंडी असलेला आला की माझ्यासाठी ठेवत जा." ती ठेवू लागली. वर शहाणपणा असा, की चाळीतल्या लोकांनाही मीच शिकवलं, पोट कसलं बघता, तोंड उघडून बघा. मग आमच्या मजल्यावर सगळेच तसलाच मासा मागायला लागले. दर्या खरवडणाऱ्या मोठ्या जाळ्यांचं पाप माझं नाही, असं मी मनाला समजावतो. पण ती जाळी कुणाच्या जिभेसाठी पडतात, ते न कळण्याइतका मी भोळा नाही.

नात सुखरूप झाली. आता मुलगी दुसऱ्यांदा आलीय, पुन्हा अन्न जात नाही. मी बाजार पालथा घातला. मावशी म्हणाली, "येतच नाय दादा. पिल्लंच नाय उरली तर मोठा कुठून येल?"

घरी मुलगी पिशवीकडे बघत होती. "मिळाला नाही," एवढंच मी बोललो. तिने नुसता वरणभात कालवला आणि दोन घासांत हात धुतला. का मिळाला नाही, ते तिला सांगायची माझी छाती झाली नाही.