डाखवाल्या काकू आणि घड्याळजींची खिडकी

डाखवाल्या काकू गच्चीवर चढून समोरच्या इमारतीतल्या विधुर घड्याळजींना खुणा करतात, अशी कुजबुज आमच्या गल्लीत वर्षभर चालली होती. खोटं कशाला बोलू, चार घरी ती मीच पोचवली. पाचव्या घरी गेलो तर ती माझ्याआधीच तिथे चहा पीत बसलेली!

पुरावाही भक्कम होता. सहासष्ट वर्षांच्या बाई, गुडघे कुरकुरणारे, तरी रोज दिवसाढवळ्या तीन जिने चढायच्या. आज दहा सतराला, उद्या नऊ बावन्नला. आधी ठरल्याशिवाय इतकी नेमकी वेळ कोण पाळतं? हातात एक विचित्र वस्तू: सुताराच्या पोलादी टेपचे तुकडे कापून पाइपावर आडवे बसवलेले, थेट माशाचा काटा. तो काटा आधी घड्याळजींच्या खिडकीवर रोखायचा आणि मग डोक्यावरून हळूहळू पाठीमागे न्यायचा. बारा मिनिटांत कार्यक्रम आटोपायचा. घड्याळजीही काही कमी नव्हते. उजेडासाठी ते खिडकीशीच बसून घड्याळं उघडायचे. महिन्याभरात अंगात इस्त्रीचा शर्ट आला, केसांत नीट भांग आला, आणि एके दिवशी त्यांनी चिमट्यासकट हात हलवला.

बातमी सुनेच्या कानावर गेलीच. एका सकाळी ती सासूच्या पाठोपाठ वर पोचली.

"आई, हे काय चाललंय? लोक काय काय बोलताहेत!"

"बोलू देत. आधी हा रेडिओ धर. आणि तोंड बंद."

"अहो, ते समोरचे काका हात हलवताहेत!"

"माशा वारत असतील. धर म्हटलं ना!"

रेडिओतून नुसती खरखर. बारा मिनिटांनी काकू पायरीवर बसल्या आणि घरात कधीच न काढलेला विषय त्यांनी काढला.

नोकरीत असताना विजेच्या सामानाच्या एका कारखान्यात काकू डाख द्यायच्या, म्हणजे वितळलेल्या कथलाने तारा जोडायच्या. हात इतका स्थिर की त्यांच्या टेबलावरचं काम तपासायला कुणी भिंग घेत नसे. एका छोट्या उपग्रहात ट्रान्समीटरपासून अँटेनाकडे जाणारी तार त्यांनी जोडली. उपग्रह वर गेला, चार वर्षं बोलला आणि एक दिवस मुका झाला. चौकशीच्या कागदावर साहेबांनी लिहिलं, 'डाख सुटला असावा.' वर जाऊन बघणार कोण? काकूंना त्या टेबलावरून उठवून पंख्यांच्या विभागात बसवलं. निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच राहिल्या. नवऱ्याला सांगितलं, "तिथे वारा चांगला येतो."

"मग आता कशाला उकरून काढताय?" सुनेने विचारलं.

"कारखान्यातली मैत्रीण म्हणाली, असे मेलेले उपग्रह कधीकधी जागे होतात. आतली बॅटरी बिघडली की सगळी वीज गिळून बसते. पुढे कधीतरी ती आतून पार तुटते, मग उन्हातून मिळणारी वीज थेट ट्रान्समीटरला जाते. उन्हात असला की बोलतो, सावलीत गेला की गप्प."

"आणि डाखच सुटला असेल तर?"

"तर कधीच बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी भाजी अर्धी चिरून ठेवून सूनच आधी वर हजर. उपग्रह केव्हा, कुठून येणार याचं मोबाईलवरचं वेळापत्रक तिने ताब्यात घेतलं. काकूंना दोन मिनिटं उशीर झाला तर जिन्यातून हाक: "आई, तो काय तुमच्यासाठी थांबणार आहे?"

पाच महिने खरखरच. मग एका मंगळवारी, अकरा वाजून चार मिनिटांनी, खरखरीतून बारीक शिट्टी आली. तीन आखूड, एक लांब. पुन्हा तीन आखूड, एक लांब. चाचणीच्या वेळी टेबलावर काकूंनी हजारदा ऐकलेली खूण. उपग्रह डोक्यावरून पुढे सरकला तसा तिचा सूर उतरत गेला.

"आई, अहो रडताय काय! काटा हलतोय!"

दुसऱ्या दिवशी वेळ साधून काकूंनी साहेबांना फोन लावला. साहेब आता ऐंशीचे.

"साहेब, पंख्यांच्या विभागातून बोलतेय. जरा ऐका." आणि फोन रेडिओपाशी धरला.

शिट्टी विरली. पलीकडून खोकला.

"बाई, हा तर आपला!"

"माझा. तुम्ही सोडून दिला होता."

"म्हणजे बॅटरीच होती. मी चुकीचं लिहिलं."

"मग आता बरोबर लिहा."

आठ दिवसांत पत्र आलं. अक्षर थरथरतं, पण वाक्य स्पष्ट: जोडणीत दोष नव्हता. खाली सही. एक प्रत कारखान्याला पाठवली होती.

राहिली ती कुजबुज. काकू घड्याळजींना खुणा करत नव्हत्या. उपग्रह त्यांच्या इमारतीमागून वर यायचा, म्हणून तो माशाचा काटा, म्हणजे त्यांची घरगुती अँटेना, तिकडे धरावा लागायचा. आपला डाख टिकला आहे का, एवढं ऐकायला त्या गच्चीवर जात होत्या. डाख टिकला होता.