खालच्या कोपऱ्यातलं कुलूप

रेल्वे तिकिटाचं पान उघडेना. मालवणच्या घरात टेलिफोनची लाईन एकच, इंटरनेटही तिच्यावरच. मुंबईच्या भावाला विचारायचं तर इंटरनेट तोडा, त्यानं सांगितलेलं करून बघायचं तर फोन ठेवा. चार वेळा हेच करून माझं डोकं फिरलं.

शेवटी भाऊ म्हणाला, “ब्राउझरच्या सेटिंगात टीएलएसच्या चौकोनात टिक कर. तेच्याशिवाय सुरक्षित पानां उघडनत नाय.”

केली. मोडेम किरकिरला, पान उघडलं, खालच्या कोपऱ्यात सुरक्षित पानाचं इवलंसं पिवळं कुलूप दिसलं.

“कुलूप इला!” मी ओरडलो.

आणि इंटरनेट तुटलं. स्वयंपाकघरात धावलो. त्याच लाईनवरचा दुसरा फोन आईच्या कानाला.

“आये, ठेव तो!”

“अरे, कुलूप इला, ह्या मुंबैक तेका सांगूक नको?”